एका दुपारी बेरोजगार झालेली कार्डं

१५ सप्टेंबर २०२२, गुरुवार. गणपती जाऊन सहा दिवस झाले होते आणि पितृपक्ष चालू होता. त्या दुपारी १२ वाजून १२ मिनिटं ४२ सेकंदांनी जगभरातल्या लाखो ग्राफिक्स कार्डांचा रोजगार संपला. इथेरियम या आभासी चलनाने आपले व्यवहार पक्के करण्याची पद्धत त्या सेकंदाला बदलली. तोवर ते काम कार्डं करत होती, त्यानंतर त्या कामाला कार्डांची गरज उरली नाही. एकही चिप जळली नव्हती, सगळे पंखे फिरत होते, आणि तरी प्रत्येक कार्डाचं मोल त्याच्या मालकाच्या डोळ्यांसमोर उतरलं.

पुण्यात या घसरणीकडे डोळे लावून बसलेला एक मोठा वर्ग कात्रजच्या आसपास राहतो. सातारा रस्त्याला लागून भारती विद्यापीठ, पलीकडे आंबेगावात सिंहगडची महाविद्यालयं, अलीकडे धनकवडीत पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं पीआयसीटी. या टापूत ‘कॉट बेसिस’वर राहणाऱ्या, मेसचा डबा खाणाऱ्या मुलामुलींना ग्राफिक्स कार्ड लागतं, कुणाला गेमसाठी, कुणाला थ्रीडी चित्रांसाठी, कुणाला शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी. नवं कार्ड म्हणजे कित्येक महिन्यांचं भाडं. त्यामुळे तपकीर गल्लीतल्या, लॅमिंग्टन रोडवरच्या आणि ओएलएक्सवरच्या जुन्या कार्डांचे भाव त्यांना तोंडपाठ असतात. हे भाव असे का चढले आणि का पडले, याचा शोध घेऊ लागलं की हातात येणारी गोष्ट शेअरबाजाराची कमी आणि भौतिकशास्त्राची जास्त आहे. मला ती फार विलक्षण वाटते.

आधी कार्ड म्हणजे काय ते पाहू. तुमच्या साध्या मॉनिटरवर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. गेम चालू असताना त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला ६० वेळा ठरवावा लागतो. म्हणजे सेकंदाला १२ कोटींहून जास्त निर्णय. गंमत अशी की हे निर्णय एकमेकांवर फारसे अवलंबून नसतात. डाव्या कोपऱ्यातल्या ठिपक्याला उजव्या कोपऱ्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणून एका हुशार प्रोसेसरऐवजी हजारो साधे प्रोसेसर एकाच वेळी कामाला लावता येतात. सप्टेंबर २०२० मध्ये आलेल्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०८० या कार्डात असे ८,७०४ गणक आहेत, तेही ६२८ चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनवर. त्या तुकड्यात २,८३० कोटी ट्रान्झिस्टर आहेत.

पुणेकरांना ही कल्पना नवी वाटू नये. अमेरिकेने भारताला क्रे महासंगणक नाकारला, त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याचं मर्म हेच होतं: एक अवाढव्य प्रोसेसर मिळत नसेल तर ६४ छोटे एकत्र राबवा. त्याचा कागदावरचा उच्चतम वेग सेकंदाला १०० कोटी गणितांचा होता. आरटीएक्स ३०८० चा कागदावरचा वेग सुमारे ३० लाख कोटी. आकडेमोडीच्या बारकाव्यात फरक असतो, त्यामुळे ही तुलना काटेकोर नाही, पण सुमारे ३० हजार पटींचा हा फरक बारकाव्यांनी पुसला जात नाही. भारताने अभिमानाने जगाला दाखवलेल्या यंत्राच्या हजारो पट वेग असलेली वस्तू तीस वर्षांत दप्तरात मावू लागली.

मग हेच कार्ड पैसे कसे कमावू लागलं? इथेरियमच्या नोंदवहीत नवं पान जोडण्याचा हक्क मिळवायला एक कोडं सोडवावं लागे. कोड्यात अक्कल चालत नव्हती, अंदाज मारत राहायचे. ज्याचा अंदाज आधी बरोबर येईल त्याला बक्षीस. याच कामाला माइनिंग म्हणतात. हे कोडं रचणाऱ्यांना भीती होती की कुणीतरी फक्त याच कामासाठी खास चिप बनवेल आणि सगळं बक्षीस एकटा उचलेल. बिटकॉइनचं तसंच झालं होतं. म्हणून त्यांनी कोड्यात एक भलीमोठी तक्ता-फाइल घातली. प्रत्येक अंदाजासाठी त्या फाइलमधून ६४ वेळा, दर वेळी १२८ बाइट, असं मिळून ८,१९२ बाइट वाचायचेच. तेही कुठल्या जागेवरून वाचायचे हे आधी कळत नाही, म्हणजे पूर्ण फाइल कार्डाच्या मेमरीत हवी.

परिणाम असा की कार्डातले ते हजारो गणक जवळजवळ बिनकामाचे झाले. सगळा वेग मेमरीतून माहिती किती भरभर येते यावर अडकला. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आणला. तलाव कितीही भरलेला असो, वाड्याच्या हौदात पाणी नळाच्या रुंदीइतकंच येणार. कार्डाचंही तसंच. आरटीएक्स ३०८० च्या मेमरीतून सेकंदाला ७६० अब्ज बाइट वाहू शकतात. त्याला ८,१९२ ने भागा. उत्तर येतं सुमारे ९ कोटी २८ लाख. आणि खरोखरच हे कार्ड सेकंदाला ९ ते १० कोटी अंदाज मारत असे. मेमरी थोडी ताणली की १० कोटी. कारखान्याच्या माहितीपत्रकातल्या एका आकड्याला दुसऱ्या आकड्याने भागून त्या कार्डाचा माइनिंगचा वेग सांगता यावा, याचं मला आजही नवल वाटतं.

ती फाइल वाढतही होती. २०१५ मध्ये ती १ जीबीची होती. नोंदवहीच्या दर ३० हजार पानांमागे, म्हणजे चार-पाच दिवसांनी, तिच्यात सुमारे ८ एमबीची भर पडे. डिसेंबर २०२० मध्ये तिने ४ जीबीची सीमा ओलांडली आणि ४ जीबी मेमरीची कार्डं या धंद्यातून बाद झाली. त्यांच्यात बिघाड काहीच नव्हता.

२०२० ते २०२२ चा तुटवडा अनेक धाग्यांनी विणला गेला होता. टाळेबंदीत घरी बसलेल्या जगाला संगणक हवे होते. चिप बनवणारे कारखाने मोजके, नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. त्यात ईथरचा, म्हणजे इथेरियमच्या नाण्याचा, भाव चढत गेला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ४,८०० डॉलरच्या आसपास पोहोचला. ज्या वस्तूने रोज पैसे मिळतात तिची किंमत ती बनवायला किती खर्च आला यावर ठरत नाही, ती पुढे किती मिळवून देईल यावर ठरते. कार्ड आता भाड्याने दिलेल्या घरासारखं जोखलं जाऊ लागलं. भारतात एनव्हिडियाने आरटीएक्स ३०८० ची सुरुवातीची किंमत ७१,००० रुपये जाहीर केली होती, ३०६० ची २९,५००. या किमतीत ती मिळणं दुर्मीळ झालं. दुकानात दुप्पट आणि त्याहून जास्त मागितले जात. वापरलेलं कार्ड नव्याच्या छापील किमतीपेक्षा महाग विकलं गेलं. पुरवठा पुरेना म्हणून एनव्हिडियाने आरटीएक्स २०६० सारखी जुन्या पिढीची कार्डं पुन्हा बाजारात आणली.

खेळणाऱ्यांना कार्ड मिळावं म्हणून एनव्हिडियाने फेब्रुवारी २०२१ मध्ये ३०६० मध्ये एक कुलूप घातलं: इथेरियमचं काम ओळखलं की कार्डाने वेग निम्मा करायचा. पुढच्याच महिन्यात कंपनीच्या हातून चुकून असं सॉफ्टवेअर प्रसिद्ध झालं ज्यात ते कुलूप उघडलेलं होतं.

आता कात्रजच्या एखाद्या फ्लॅटमधला हिशेब मांडून पाहू. ३०६० टीआय हे कार्ड व्होल्टेज उतरवून सुमारे १२० वॅटवर चालवता येई. दिवसाला २.८८ युनिट. सहा कार्डांचे १७ युनिटच्या वर, महिन्याला ५१८. यात बाकीचा संगणक, घरातला फ्रिज, दिवे धरलेले नाहीत. महावितरणच्या घरगुती दरात सगळ्यात महाग टप्पा ५०० युनिटच्या पुढे सुरू होतो. म्हणजे घरच्या घरी सहा कार्डं लावणारा प्रत्येक महिन्याला त्या टप्प्यात पाऊल ठेवणारच.

मिळकतीच्या बाजूला आणखी एक कडक नियम होता. सगळ्या जगाला मिळून रोज सुमारे १३ हजार ईथर वाटले जात: पान जोडल्यावर २ ईथर, आणि साधारण १३ सेकंदांना एक पान. कार्डं वाढली म्हणून वाटप वाढत नसे, वाटेकरी वाढत. मे २०२२ मध्ये साऱ्या जाळ्याचा वेग सेकंदाला सुमारे १,००० लाख कोटी अंदाजांवर गेला होता. त्यात खास चिपाही होत्या, पण कार्डांच्या भाषेत बोलायचं तर एक कोटी आरटीएक्स ३०८० एवढी ती ताकद. म्हणजे एका कार्डाच्या वाट्याला दिवसाला ०.००१३ ईथर. जूनमध्ये ईथर हजार डॉलरच्या आसपास घसरला तेव्हा हा वाटा झाला सुमारे १०० रुपये. त्यासाठी कार्डाने साडेपाच युनिट वीज खाल्लेली. शिवाय भारतात १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि १ जुलैपासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस. पद्धत बदलण्याची तारीखही जवळ आली होती. शहाण्यांनी तेव्हाच विकायला काढलं.

एनव्हिडियाच्या ताळेबंदात हा उतार लख्ख दिसतो. १ मे २०२२ ला संपलेल्या तिमाहीत तिच्या गेमिंग विभागाची विक्री ३६२ कोटी डॉलर होती. पुढच्याच तिमाहीत २०४ कोटी. सप्टेंबर उजाडला तोवर बाजारात दोन बाजूंनी माल येत होता: दुकानदारांकडे तुंबलेली नवी कार्डं आणि माइनिंगमधून सुटलेली जुनी. इथेरियमचा विजेचा वापर त्या दुपारनंतर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. दुसऱ्याच दिवशी, १६ सप्टेंबरला, एनव्हिडियाची कार्डं बनवणारी नावाजलेली ईव्हीजीए कंपनी या धंद्यातून बाहेर पडत असल्याची बातमी आली. जे कार्ड वर्षभरापूर्वी मूळ किमतीच्या दुपटीने जात होतं ते वापरलेलं आता मूळ किमतीच्या खाली मिळू लागलं.

पण भाव नुसता पुरवठ्याने पडला तर तो रास्त जागी थांबायला हवा. तो त्याहून खाली गेला, आणि त्याचं कारण १९७० सालच्या एका शोधनिबंधात आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने वापरलेल्या मोटारींचा बाजार तपासला. त्याचं म्हणणं असं: विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते, मग घेणारा प्रत्येक गाडी खराब असेल असं धरून भाव करतो आणि चांगल्या गाडीचा मालक त्या भावात विकायलाच येत नाही. या विचाराला २००१ मध्ये नोबेलचा मान मिळाला. ‘घरचंच कार्ड आहे, फक्त गेम खेळलोय’ हे वाक्य प्रत्येक विक्रेता म्हणतो, म्हणून त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून खरंच घरच्या असलेल्या कार्डालाही माइनिंगच्या कार्डाचाच भाव येतो.

आणि इथे मला सगळ्यात मोठं आश्चर्य भेटलं. माइनिंगचं कार्ड म्हणजे पिळून काढलेलं कार्ड, असं सरसकट मानलं जातं. भौतिकशास्त्र त्याला पूर्ण दुजोरा देत नाही.

चिप मरते ती मुख्यतः दोन गोष्टींनी. एक, तारांमधून वाहणारे इलेक्ट्रॉन धातूचे अणूच हळूहळू ढकलून नेतात. मोटोरोलातल्या जेम्स ब्लॅक यांनी १९६९ च्या सुमारास याचं समीकरण मांडलं. तापमान चढलं की ही झीज झपाट्याने वाढते. दोन, तापणं आणि निवणं. चिप, डाख आणि पट्टी वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात आणि प्रत्येक फेऱ्यात डाखाच्या सूक्ष्म टेकूंवर ताण येतो. २००८ मध्ये एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिपांचे टेकू असेच तडकू लागले आणि कंपनीला १९.६ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. त्या काळात लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्यांनी ‘रीबॉलिंग’ करून, म्हणजे चिपखालचा डाख नव्याने बसवून, किती मदरबोर्ड जिवंत केले असतील!

आता माइनिंगचं कार्ड पाहा. गणकांना काम कमी, म्हणून मालक त्यांचं व्होल्टेज उतरवतो. चिप तुलनेने थंड राहते. कार्ड रात्रंदिवस चालू, म्हणून तापमान जवळजवळ स्थिर. याउलट गेम खेळणाऱ्याचं कार्ड रोज कितीदा तरी तापतं आणि निवतं. जे सगळ्यात वाईट वापर म्हणून ओळखलं जातं, त्यात चिपच्या वाट्याला बरेचदा सौम्य आयुष्य येतं.

त्रास दुसऱ्याच अवयवांना होतो. पंखा दोन वर्षं अखंड फिरला की १७,५२० तास होतात. रोज तीन तास खेळणाऱ्याच्या पंख्याचे त्याच काळात २,१९० तास. बेअरिंग घरघरतं. थर्मल पेस्ट वाळते. आणि मेमरी, जिच्या जोरावर सगळी कमाई झाली, ती भाजून निघते. ३०८० वर बसवलेली जीडीडीआर६एक्स मेमरी मुळातच गरम. ती ११० अंशांवर पोहोचली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. तिच्यावरचे थर्मल पॅड कडक होतात, त्यातून तेल पाझरतं. यातला पंखा, पेस्ट आणि पॅड थोडक्या खर्चात बदलता येतात. मेमरी गेली तर काम अवघड.

माझ्या मते खरेदीदाराने माइनिंगपेक्षा बनावटीची जास्त धास्ती घ्यावी. जुन्या जीटीएक्स ५५० टीआयमधलं सॉफ्टवेअर बदलून ते १०५० टीआय म्हणून विकण्याचा प्रकार जगभर झाला आहे. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशा कार्डासमोर सरळ बनावट असल्याचा शिक्का दाखवतं. आरएक्स ५८० चंही पाहावं: मूळ कार्डात २,३०४ गणक असतात, ‘२०४८ एसपी’ लिहिलेल्यात फक्त २,०४८, म्हणजे ते जवळजवळ आरएक्स ५७० असतं.

तर माइनिंग संपल्यावर कार्डांच्या रिकाम्या हातांना काय काम मिळालं? २०१२ मध्ये टोरांटोत अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की या विद्यार्थ्याने घरच्या खोलीत बाजारात मिळणारी दोन गेमिंग कार्डं, जीटीएक्स ५८०, प्रत्येकी ३ जीबीची, पाच-सहा दिवस चालवली आणि चित्रं ओळखणारं अ‍ॅलेक्सनेट तयार झालं. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेची सुरुवात बरेच जण तिथे मोजतात. पुण्यात सी-डॅकने परम सिद्धी-एआय उभारला तोही याच कुळातल्या चिपांवर. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ वा आला, आणि त्याच काळात खेळाची कार्डं दुकानांतून गायब होत होती.

इथे मेमरीचा हिशेब पुन्हा डोकं वर काढतो, पण या वेळी वेगाऐवजी जागेचा. ७०० कोटी अंकांचं भाषेचं मॉडेल प्रत्येकी दोन बाइटने ठेवलं तर १४ जीबी लागतात. तेच आकसून अर्ध्या-अर्ध्या बाइटवर आणलं तर साडेतीन. म्हणून १२ जीबीचं स्वस्त ३०६० अशी काही कामं करू शकतं जी १० जीबीच्या, त्याच्या दुपटीहून महाग किमतीला बाजारात आलेल्या ३०८० मध्ये मावत नाहीत.

आणि हे काम कात्रजच्या शेजारीच झालं आहे. पीआयसीटीच्या विद्यार्थ्यांनी एल३क्यूब पुणे या गटातून २०२१ मध्ये महासेंट तयार केला: सुमारे १६ हजार मराठी ट्विट, त्यातला सूर होकारार्थी, नकारार्थी की तटस्थ हे माणसांनी ठरवलेलं. पुढच्या वर्षी महाकॉर्पस आला, २ कोटी ४८ लाख मराठी वाक्यांचा, आणि त्याबरोबर महाबर्ट. या जातीच्या मॉडेलमध्ये १० ते २५ कोटी अंक असतात. एखाद्या कामासाठी त्याला शिकवताना अंकामागे साधारण १६ बाइट धरले तर मोठ्यालाही ४ जीबी पुरतात, वर वाक्यांसाठी थोडी जागा. म्हणजे माइनिंगमधून सुटलेलं ८ किंवा १२ जीबीचं कार्ड मराठी शिकवायला पुरेसं आहे. मोठमोठ्या कंपन्यांची मेहेरबानी न मागता आपल्या भाषेचं यंत्र आपल्या खोलीत घडवता येतं, ही गोष्ट प्रत्येक मराठी शाळा-महाविद्यालयात सांगायला हवी.

घसरण कायम टिकेल असं मात्र समजू नका. २०१८ मध्येही कार्डांचे भाव असेच कोसळले होते आणि तीन वर्षांत दुप्पट झाले. आता मेमरी बनवणारे कारखाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांकडे वळले आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं.

तेव्हा जुनं कार्ड घेणार असाल तर ते विकणाऱ्यासमोर अर्धा तास पूर्ण भारावर चालवा, जीपीयू-झेड उघडा, मेमरीचं तापमान वाचा, पंख्याचा आवाज ऐका आणि बिल मागा. आणि तुमच्या घरी माळ्यावर, खोक्यात एखादं ८ जीबीचं कार्ड पडून असेल, तर पेस्ट बदलून ते धनकवडी-कात्रजच्या एखाद्या विद्यार्थ्याला द्या. रास्त भावात विका किंवा तसंच द्या, पण यंदाच द्या.